प्रॅचेट यांच्या तळटीपा आणि रत्नागिरीचा पावसाळा

इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या अद्भुतकथांच्या मालिकेतील ४१ कादंबऱ्या जुन्या प्रतींतून स्वस्तात जमवाव्यात आणि प्रकाशनक्रमाने वाचाव्यात, असा बेत गेल्या दिवाळीत केला. या मालिकेतले जग चपटे आहे; ते चार हत्तींच्या पाठीवर टेकले आहे आणि हत्ती एका कासवाच्या पाठीवर उभे आहेत. श्रावण सरेपर्यंत निम्म्या प्रतींचा डिंक सुटला, पुठ्ठ्यांना बुरशी आली, म्हणून पुढची काही पुस्तके फोनवर विकत घेतली, आणि खरी तक्रार तेथेच सुरू होते.

प्रॅचेट यांचा निम्मा विनोद पानाच्या तळाशी राहतो. खूण दिसताच नजर खाली जाते, तेथील टीप वरच्या वाक्याची टोपी उडवते आणि नजर लगेच माघारी येते. माझ्या फोनवरील आवृत्तीत मात्र साऱ्या टीपा पुस्तकाच्या शेवटी नेऊन टाकल्या आहेत. खूण दाबायला जावे तर पानच उलटते, आणि टीप सापडेपर्यंत विनोद गार घावनासारखा चिवट झालेला असतो. बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणेही नसल्याने परतीची जागा शोधण्यात आणखी वेळ जातो. विक्रेत्याचे उत्तर एकच : फाइल उघडते, म्हणजे दोष नाही, पैसे परत मिळणार नाहीत. तेव्हा सुटी पाने परवडली, पण कागदच घ्यावा.

प्रकाशनक्रमाचा आग्रह मीही मध्येच सोडला. १९८३ चे ‘द कलर ऑफ मॅजिक’ मुख्यतः इतरांच्या अद्भुतकथांची टर उडवते, त्यामुळे त्या न वाचलेल्याच्या पदरात थोडेच पडते. चपटे जग तर त्यांनी १९८१ च्या ‘स्ट्राटा’ या विज्ञानकादंबरीतच वापरले होते; तेथे ते कृत्रिमरीत्या बांधलेले होते, पुढे तेच जादूवर चालू लागले आणि आयुष्यभर पुरले. या काळात ते वीजनिर्मिती मंडळात जनसंपर्काची नोकरी करीत होते आणि अणुवीज केंद्रांविषयी पत्रकारांना उत्तरे देत होते. (भर पावसात वीज गेलेली असताना हे वाचले, की त्यांची विनोदबुद्धी कशावर पोसली असेल याचा अंदाज येतो.) १९८७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षीच्या ‘मॉर्ट’मध्ये साक्षात मृत्यू एक शिकाऊ उमेदवार ठेवतो आणि विनोद पुस्तकांवरून माणसांकडे वळतो. नव्या वाचकाने पैसे येथून घालावेत.

२००७ मध्ये त्यांनी अल्झायमरचे निदान जाहीर केले आणि पुढील पुस्तके तोंडी सांगून लिहून घेतली. २०१३ च्या ‘रेझिंग स्टीम’मध्ये पात्रे भाषणे देऊ लागतात, ते जाणवते. त्याबद्दल राग येत नाही. तरीही त्या पुस्तकाला नव्या प्रतीची किंमत मी मोजणार नाही.