ओल्ड वॉर्डनचा संध्याकाळचा एअर शो: जुन्या विमानांचे फोटो काढायचेत तर इथूनच सुरुवात करा

पहिलंच सांगून टाकतो. जुन्या विमानांचे फोटो काढायचा नाद असेल किंवा लागावा अशी इच्छा असेल, आणि तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल किंवा उन्हाळ्यात इकडे पोरांकडे येणार असाल, तर मोठमोठे शो जरा बाजूला ठेवा आणि आधी बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ कलेक्शनचा, म्हणजे जुन्या पण अजून उडणाऱ्या विमानांच्या संग्रहाचा, संध्याकाळचा शो बघून या. दिवसाचा नाही, संध्याकाळचा. का ते सांगतो, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

मी मूळ पुण्याचा. विमाननगरच्या गच्चीवरून लोहगावची सुखोई बघत मोठा झालेला माणूस, त्यामुळे विमान म्हणजे कानठळ्या बसल्याच पाहिजेत अशी आपली समजूत. येलहंकाला एअरो इंडिया झाला, सूर्यकिरण झालं, इकडे आल्यावर फेअरफर्डचा एअर टॅटू पण झाला. जेट भारीच असतात, वाद नाही. पण फोटो घरी येऊन बघितले की राखाडी आकाशात राखाडी विमान, खाली ना झाड ना माणूस, आणि शेजारी उभ्या असलेल्या पाचशे जणांकडे डिट्टो तोच फोटो. डक्सफर्डला जुनी विमानं आहेत, म्युझियम म्हणून तर ते एक नंबर आहे, पण तिथं प्रेक्षक दक्षिणेकडे तोंड करून बसतात, म्हणजे दुपारभर सूर्य समोर आणि स्पिटफायरची (दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान) सावलीतली बाजू तुमच्या वाट्याला. ढगाळ असेल तर ठीक, लख्ख ऊन पडलं की उलट बोंब.

ओल्ड वॉर्डन याच्या अगदी उलट. एवढंसं गवताचं मैदान, धावपट्टी पण गवताचीच, आणि प्रेक्षकांची रांग सरळ नाहीये, मध्येच वाकलेली आहे. हा वाक म्हणजे आपल्यासारख्यांसाठी खरा खजिना, कारण पायलट त्या वाकाला धरून वळत येतो आणि वळताना विमान आपल्याकडे कलतं, म्हणजे पोट न दिसता वरची बाजू दिसते, दोन्ही पंख, त्यावरची गोल निशाणं, कॉकपिटमधला माणूस, त्याचा गॉगल, सगळं. इथली मंडळी याला बनाना पास म्हणतात. बाकीच्या शोमध्ये असा एक फोटो मिळाला तर आठवडाभर डीपीला लागतो, इथं दर विमानागणिक चान्स मिळतो. विमानं पण हळू, कमी उंचीवरून, मागे हिरवीगार झाडं. मागे झाडं असली की वेग दिसतो, नुसतं आकाश असलं की विमान टांगून ठेवल्यासारखं वाटतं.

आता संध्याकाळचा मुद्दा. जूनमध्ये इकडे सूर्य नऊ वाजून गेले तरी मावळत नाही, आणि सात-साडेसातनंतरचा तो तिरका पिवळा उजेड आपल्या पाठीमागून येऊन विमानावर पडतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड, ते विमान कलून वळलं आणि उजेड त्यातून आरपार आला की आतल्या फासळ्या एकेक मोजता येतात. हे नुसत्या डोळ्याने बघून समाधान होतं, फोटो बोनस. दुपारच्या शोमध्ये हे दिसत नाही म्हणून म्हणतोय संध्याकाळचं तिकीट काढा.

दुसरं कारण वारा. 1909 ते 1912 च्या काळातली जी अगदी म्हातारी मंडळी आहेत ना, ब्लेरिओ, डेपरड्युसिन वगैरे, ती वारा जवळपास पडला तरच बाहेर निघतात, आणि वारा पडायचा तर तो संध्याकाळीच. त्यामुळे शोच्या शेवटी सगळं पब्लिक विमानाकडे न बघता विंडसॉककडे (वारा दाखवणारी कापडी पिशवी) बघत उभं असतं. उडतीलच याची गॅरंटी कोणी देत नाही आणि देऊ पण नये, हे आधीच मनाशी पक्कं करून जा म्हणजे चिडचिड होत नाही. इथलं ब्लेरिओ 1909 चं, म्हणजे लुई ब्लेरिओने ज्या वर्षी इंग्लिश खाडी ओलांडली त्याच वर्षीचं, आणि अजून मूळचं तीन सिलिंडरचं अँझानी इंजिन त्यात फटफटतंय. ते काही गिरक्या मारत नाही, गवतावरून जरासं उचलतं आणि परत टेकतं, बस. पण ते चार-सहा फूट उचललं ना की टाळ्या बघा.

माझं सगळ्यात लाडकं मात्र बॉक्सकाइट. हे मूळ नाही, 1960 च्या दशकात एका सिनेमासाठी बनवलेली प्रतिकृती आहे, पण म्हणून नाक मुरडू नका. लग्नाच्या मांडवाचा सांगाडा उठून चालू लागावा तसं ते येतं, तारा आणि काठ्या, आणि पायलट कुठं बसलाय तर खालच्या पंखाच्या पुढच्या कडेवर, उघड्यावर, पाय पुढे सोडून. चारशे एमएमच्या लेन्समधून त्याच्या बुटांच्या लेस दिसतात हो! आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे 1911 च्या जानेवारीत याच जातीचं ब्रिस्टल कंपनीचं बॉक्सकाइट आपल्या औरंगाबादला, आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरला उडलेलं आहे. कंपनीने विक्रीसाठी विमानं भारतात पाठवली होती, कलकत्त्याला प्रयोग झाले आणि मग दख्खनमधल्या घोडदळाच्या युद्धसरावात एका लष्करी अधिकाऱ्याने त्यातून टेहळणी केली. मराठवाड्यातल्या शेतात उभ्या असलेल्या एखाद्या माणसाने ते बघितलं असेल तर त्याला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जातच नाही.

फोटोचं म्हणाल तर एकच गोष्ट घोटून घ्या, शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते; हजार म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. जेटची सवय असलेले लोक (मी त्यातलाच) हजारच्या खाली यायला घाबरतात. पण हजारला प्रोपेलर गोठतो आणि मग ते विमान आकाशात पार्क केल्यासारखं दिसतं, इंजिन बंद पडलंय की काय असं वाटतं. साधा हिशोब आहे, या जुन्या इंजिनांचे फेरे मिनिटाला बाराशेच्या आसपास धरले तर सेकंदाला वीस, म्हणजे एक सेकंद भागिले हजार एवढ्या वेळात पंखा जेमतेम सात अंश फिरतो. एकशेपंचवीसला मात्र पन्नास-साठ अंश फिरतो आणि छान धूसर दिसतो. स्पिटफायर, हरिकेनच्या पंख्यांना पाती जास्त असतात, तिथं अडीचशे-तीनशेवर पण काम होतं. अर्थात एकशेपंचवीसला विमान हलत असताना शार्प फोटो यायचा म्हणजे कंबरेतून वळत विमानासोबत कॅमेरा फिरवायचा, बटण दाबल्यावर पण फिरवत राहायचा, आणि दहातले आठ फोटो कचऱ्यात जाणार हे मान्य करायचं. आकाश पांढरट असेल तर एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वर घ्या नाहीतर विमान कोळशासारखं काळं. एवढं केलंत की महागड्या बॉडीची काही गरज नाही, माझ्या शेजारी उभे असलेले एक आजोबा पंधरा वर्षं जुन्या कॅमेऱ्यावर असे फोटो काढत होते की मी माझी स्क्रीन मुकाट्याने झाकून घेतली.

शो सुरू व्हायच्या आधी तासभर नक्की हातात ठेवा. हँगरमध्ये फिरता येतं, आणि विमानं बाहेर काढून स्टार्ट करताना जवळून बघायला मिळतात. सोपविथ पपसारख्या विमानाचं रोटरी इंजिन सुरू होताना बघितलं नसेल तर ते एकदा बघाच. यात क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) विमानाला घट्ट बसवलेला असतो आणि अख्खं इंजिन, सिलिंडरसकट, पंख्यासोबत गरगर फिरतं. एक जण हाताने पंखा मारतो, फट फट होतं, निळा धूर, आणि मग तो वास. तेल कुठलं? एरंडेल! पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून हे तेल वापरायचे, आणि एकदा वापरलं की परत टाकीत येत नाही, धुरासोबत आणि थेंबाथेंबाने बाहेर, पायलटच्या तोंडावर. आजीने लहानपणी नाक दाबून पाजलेलं एरंडेल इकडे मैदानभर दरवळतंय आणि गोरी आजोबा मंडळी डोळे मिटून श्वास भरून घेतायत, मला हसू आवरेना. ब्रेक नसतात म्हणून दोन माणसं पंखांची टोकं धरून पळत असतात, हा फोटो उडतानाच्या फोटोपेक्षा चांगला येतो असं माझं मत झालंय.

आता हे सगळं जमवलं कोणी, तर रिचर्ड शटलवर्थ. जन्म 1909 चा, श्रीमंत घरचा मुलगा, मोटार रेसिंगमध्ये पण नाव काढलं, 1935 ची डॉनिंग्टन ग्रांप्री जिंकलेला. 1933 मध्ये हा पठ्ठ्या कॉम्पर स्विफ्ट नावाच्या एकासनी चिमुकल्या विमानातून इंग्लंडहून थेट भारतात आला होता, दिल्लीला व्हाइसरॉय कपची शर्यत होती त्यासाठी. 1940 मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ट्रेनिंग फ्लाइटमध्ये अपघातात गेला, वय 31. मग आई डोरोथीने 1944 मध्ये मुलाच्या नावाने ट्रस्ट केला. कलेक्शनमध्ये आज जी कॉम्पर स्विफ्ट आहे तिचं भारतीय रजिस्ट्रेशन होतं एकेकाळी, व्हीटी-एडीओ (भारतीय विमानांचे नंबर व्हीटीने सुरू होतात). व्हीटी बघितलं की आपल्या माणसाला कसं बरं वाटतं!

भारताचे असे धागे इथं बरेच सापडतात. लाल रंगाचं डीएच 88 कॉमेट, 1934 ची इंग्लंड ते मेलबर्न शर्यत साधारण 71 तासांत जिंकलेलं तेच खुद्द विमान, ते शर्यतीत अलाहाबादला उतरलं होतं. दिसायला इतकं देखणं आहे की खराब फोटो काढायचा म्हटलं तरी निघत नाही. आणि लायसँडर. चाकांना मोठे बूट घातलेलं, वर पंख असलेलं थोराड विमान, फ्रान्समध्ये रात्री गुप्तहेर उतरवायचं काम केलं म्हणून इकडे त्याचं कौतुक. पण आपल्या हवाई दलाच्या नंबर 1 स्क्वाड्रनला 1941 मध्ये जी बारा लायसँडर मिळाली ती बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडातून, म्हणजे मुंबईतून गोळा झालेल्या पैशातून, आणि तीच घेऊन ‘जंबो’ मजुमदारांची स्क्वाड्रन 1942 मध्ये ब्रह्मदेशात लढली. मी हे तिथल्या एका स्वयंसेवकाला सांगितलं तर त्याने वही काढून लिहून घेतलं. ते विमान इतकं हळू येतं की ऑटोफोकसला पण जांभई येईल, नवशिक्यांनी पॅनिंगचा, म्हणजे विमानासोबत कॅमेरा फिरवायचा, सराव यावरच करावा.

गैरसोयी आहेत, त्या पण ऐका. गाडी नसेल तर अवघड आहे. बिगल्सवेड स्टेशनला लंडनहून ट्रेन येते, पण तिथून पुढे काही मैल टॅक्सी, आणि शो उशिरा संपतो त्यामुळे परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवा. मैदान आहे, पाऊस झाला असेल तर पांढरे शूज घालू नका. संध्याकाळ म्हणून जाकीट लागतंच, जून असला तरी, अंगावर काटा येतो तो सगळाच विमानांमुळे नसतो. खायला मिळतं, पण व्हेज म्हणजे चिप्स हे समीकरण कुठंच सुटत नाही, आम्ही पोळीचा रोल आणि बटाट्याची भाजी नेली होती, घडीच्या खुर्च्या टाकून खाल्ली. बायकोला विमानात काडीचा इंटरेस्ट नाही पण शेजारी स्विस गार्डन म्हणून जुनी बाग आहे, मोरबीर आहेत, ती तिकडे खूश. आठ वर्षांची मुलगी पहिल्यांदा कानावर हात ठेवून बसली आणि दहा मिनिटांत हात काढले, इथं कान फाटत नाहीत, लहान मुलांना न्यायला हा शो जेटच्या शोपेक्षा कधीही बरा.

लेन्सबद्दल. शंभर-चारशे झूम पुरते, सहाशे एमएमचा तोफखाना आणायची गरज नाही, विमान फ्रेमबाहेर जातं. मी भाड्याने घेतली होती, दुकानाचं नाव घेत नाही, पण ट्रायपॉड कॉलरचा (लेन्सभोवतीचं कडं) स्क्रूच ढिला निघाला आणि पूर्ण संध्याकाळ डाव्या हाताने तो आवळत बसलो, तेव्हा भाड्याची लेन्स काउंटरवरच कॅमेऱ्याला लावून, फिरवून, दोन-चार फोटो काढून मगच घरी न्या. ट्रायपॉड आणू नका, वळता येत नाही आणि मागच्यांची बोलणी खावी लागतात. जास्तीची बॅटरी आणि रिकामं कार्ड मात्र हवंच, कारण सगळ्यात जुनी विमानं शेवटी निघतात आणि नेमकं तेव्हा कार्ड फुल झालेले चेहरे मी आजूबाजूला बघितलेत.

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो टॅक्सीच्या भानगडीसाठी. जायचं ठरलं तर कलेक्शनच्या साइटवर सीझनच्या तारखा बघा, ईव्हनिंग असं स्पष्ट लिहिलेला शो निवडा, आणि प्रेक्षकांच्या रांगेच्या वाकाजवळची जागा धरायची असेल तर गेट उघडायच्या वेळेलाच पोचा, कारण तिथं आधीपासून खुर्च्या टाकून बसलेले आजोबा कोणासाठी म्हणून कोणासाठी सरकत नाहीत.