ट्वायलाइट प्रिन्सेस एचडी: आठ महिने खेळल्यानंतर, काठिण्याविषयी आणि गांभीर्याविषयी

'द लेजेंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस' हा गेम २००६ साली वी आणि गेमक्यूब या निन्टेन्डोच्या दोन कन्सोलवर आला. त्याची एचडी आवृत्ती ऑस्ट्रेलियातील टॅन्टलस या स्टुडिओने तयार केली आणि ती मार्च २०१६ मध्ये वी यू या नंतरच्या कन्सोलवर आली. मूळ गेम मी वीवर खेळले होते. एचडी आवृत्ती मी गेल्या आठ महिन्यांत एकदा साध्या मोडमध्ये आणि एकदा हिरो मोड या कठीण प्रकारात शेवटपर्यंत खेळले असून तिसरी फेरी सध्या सुरू आहे. हा गेम अधिक कठीण केल्याने त्याची गंभीर, प्रौढ कथा खरोखर अधिक खोल जाते का, एवढाच प्रश्न मला या काळात पडलेला होता.

कथेच्या गांभीर्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. गेमना वयोगटाचा दर्जा देणाऱ्या अमेरिकेतील ईएसआरबीने या मालिकेत 'टीन', म्हणजे किशोरवयीनांसाठी, हा दर्जा पहिल्यांदा दिला तो याच गेमला. झोरा या जलचर जमातीच्या राणीचा, रुटेलाचा, तिच्याच प्रजेसमोर वध झालेला आहे. तिचा आत्मा आपल्या मुलाला वाचवण्याची विनवणी करतो आणि पुढे काकारिको गावाच्या स्मशानामागे, आपल्या पतीच्या समाधीपर्यंत, लिंकला, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाला, घेऊन जातो. लानायरू ही प्रकाशदेवता सत्तेच्या लोभाची कहाणी सांगते तेव्हा पडद्यावर लिंकचीच पांढऱ्या डोळ्यांची रूपे उभी राहतात आणि त्या रूपांचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही. नव्या आवृत्तीत ही दृश्ये स्वच्छ दिसतात, मात्र मूळची धूसरता थोडी कमी झाल्याची हळहळ मला वाटते.

अडचण वेगळीच होती. साध्या मोडमध्ये गवत कापले किंवा मडके फोडले की हार्ट, म्हणजे जीवशक्तीचे एकक, मिळते, त्यामुळे जग बुडत चालल्याचे सगळे सांगत असतात आणि आपल्याला मात्र कशाचीच धास्ती वाटत नाही. हिरो मोडमध्ये शत्रूचा प्रत्येक फटका दुप्पट लागतो आणि वाटेत हार्ट सापडणे बंद होते. हा मोड पहिल्या दिवसापासून निवडता येतो, ही फार चांगली सोय आहे. त्यात नकाशा आरशातल्यासारखा उलटा असतो. पण वीवरचा मूळ गेम तसाच होता, त्यामुळे माझ्यासारख्यांना त्यात नवेपण जाणवणार नाही.

या मोडचे मोल मला बर्फाळ डोंगरावरच्या पडक्या वाड्यात, म्हणजे स्नोपीक रुइन्समध्ये, कळले. तिथे येटो आणि येटा हे यती जोडपे राहते. येटा आजारी आहे आणि येटो स्वयंपाकघरात मोठ्या हंड्यात सूप करत असतो. आपण बाटली भरून घेतली की ते साधे सूप दोन हार्ट भरून देते; वाड्यात शोधून भोपळा आणून दिला की चार, आणि चीज आणून दिले की आठ. साध्या मोडमध्ये मी हे सूप एकदाच, कुतूहलापोटी, प्यायले होते. हिरो मोडमध्ये मात्र बर्फाच्या भालेकऱ्यांशी झुंजून एका हार्टावर आले की मी त्या स्वयंपाकघराकडे धावत असे, आणि हळूहळू ती खोली मला या संपूर्ण गेममधली सर्वांत सुरक्षित, सर्वांत उबदार जागा वाटू लागली. त्यानंतर येटा आपल्याला शयनगृहात नेते, ज्याच्या शोधात आपण आलेलो असतो त्या आरशाच्या तुकड्यात स्वतःला पाहते आणि तिचा चेहरा क्षणात बदलतो. जिच्या घरचे सूप पिऊन मी तगले होते, तिच्यावरच शस्त्र उगारायचे होते. हा प्रसंग मला आधीपासून माहीत होता, तरीही त्या वेळी हात जड झाला.

टेम्पल ऑफ टाइम या मंदिरातल्या डार्कनट या चिलखती योद्ध्याशी होणारी लढतही अशीच उतरली आहे. त्याचे चिलखत तुकड्यातुकड्याने गळून पडते, मग तो आपली जड तलवार आपल्यावर भिरकावतो आणि बारीक तलवार उपसून दुप्पट चपळ होतो. दुप्पट नुकसानीमुळे तिथे घाई चालत नाही. ढालीचा धक्का, पाठीमागून वार, पुन्हा माघार, असे शिकलेले एकेक कौशल्य वापरावेच लागते.

मात्र असे प्रसंग मोजकेच आहेत. निर्मात्यांनी फटक्याची किंमत वाढवली, शत्रूची बुद्धी वाढवली नाही. घोळक्यातले बहुतेक शत्रू आपली पाळी येईपर्यंत घुटमळतात, आणि मंदिराच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूची, बॉसची, युक्ती एकदा उमगली की तीच तीनदा करून विजय मिळतो. शिवाय सुरुवातीच्या पाकिटाची मर्यादा ३०० रुपींवरून (रुपी हे गेममधले चलन) ५०० केलेली आहे. एरवी ही सोय आहे. पण मॅजिक आर्मर हे चिलखत रुपी खर्चून इजा टाळते, त्यामुळे मोठे पाकीट गेमच्या उत्तरार्धात हिरो मोडची धार बोथट करते. मी ते चिलखत वापरायचे नाही असे ठरवले आणि शेवटचा किल्ला पुन्हा कठीण झाला.

सुरुवातीचे ऑर्डन गावातले बकऱ्या हाकणे आणि मासे पकडणे पूर्वीइतकेच लांबलेले आहे. प्रकाशाचे अश्रू मात्र प्रत्येक प्रदेशात १६ ऐवजी १२ गोळा करावे लागतात, आणि त्यामुळे संधिप्रकाशातल्या त्या उदास प्रदेशांचा ताण टिकून राहतो.

तिसरी फेरी मी हिरो मोडमध्येच, खलनायक गॅननडॉर्फची अमीबो बाहुली, म्हणजे कन्सोलच्या कंट्रोलरला टेकवायची चिप असलेली छोटी मूर्ती, वापरून खेळते आहे. ती लावली की नुकसान आणखी दुप्पट होते, म्हणजे मुळात अर्धे हार्ट नेणारा फटका आता दोन हार्ट नेतो, आणि आरंभी हार्ट असतात तीनच. एवढी महत्त्वाची पायरी वेगळ्या विकत घ्यायच्या बाहुलीवर अवलंबून ठेवायला नको होती. ती मेनूतच हवी होती, आणि तिच्या जोडीला लिंकची सोबतीण मिडना देते त्या सूचना बंद करण्याची सोयही. अरण्यातल्या पहिल्या मंदिरात मी सहा वेळा मेले आहे. आता दार उघडण्यापूर्वी मी थांबते, बाटलीत जीव वाचवणारी परी आहे ना ते पाहते आणि मगच आत पाऊल टाकते.