डिझेल पिकअपचा 'पॉवर बॉक्स', एक आंबा सीझन वापरून

माझी पिकअप 2018 ची, बीएस 4 (प्रदूषणाच्या जुन्या नियमाची), कॉमनरेल डिझेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून, रेलमधून, डिझेल जातं. सीझनला रत्नागिरीवरून कोल्हापूर मार्केटला आंब्याच्या पेट्या आणि बाकी वर्षभर मिळेल ते भाडं. साखरपा सोडून आंबा घाट लागला की गाडी दम टाकायची, मागे एसटी लागली की हॉर्न मारून मारून जीव नकोसा करायची, म्हणून मार्चमध्ये हा इंजिनाची ताकद वाढवणारा बॉक्स ऑनलाइन मागवला, 2800 रुपये आणि कुरिअर वेगळं. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, तसंही हाच डबा चार नावांनी मिळतो, फक्त स्टिकर बदलतं.

त्याआधी गॅरेजवाल्या पोराने फुकटातला जुगाड करून दिलेला, हवेच्या टेम्परेचर सेन्सरच्या वायरीत दोन रुपयाचा रेझिस्टर. तो सेन्सर असा असतो की हवा जेवढी गार तेवढा त्याचा रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे एक रेझिस्टर मध्ये घातला की ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं बाहेर महाबळेश्वर आहे. गार हवा म्हणजे दाट हवा, मग थोडं डिझेल जास्त सोडायला हरकत नाही असा सगळा हिशोब. मला तरी घाटात काडीचा फरक वाटला नाही. आठवड्यात काढून टाकला.

बॉक्स मात्र खरंच काम करतो हे आधी सांगतो. सिगारेटच्या पाकिटाएवढा काळा डबा, दोन प्लग, आत सगळं रेझिन ओतून बंद केलेलं आणि कडेला 0 ते 9 आकड्यांचा इवलासा स्क्रू. रेल प्रेशर सेन्सरचा (रेलमधला दाब मोजतो तो) प्लग काढायचा, डबा मध्ये टाकायचा, दहा मिनिटांचं काम. सेन्सरला तीन वायरी असतात, 5 व्होल्टची, अर्थिंगची आणि सिग्नलची, डबा फक्त सिग्नलमध्ये लुडबूड करतो. मी मल्टीमीटर लावून बघितलं तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सेन्सरकडून 1.2 व्होल्ट येत होते आणि डब्यातून पुढे 1.1 जात होते. म्हणजे ईसीएमला वाटतं रेलमध्ये प्रेशर कमी आहे, तो पंपाला अजून दाब म्हणतो, नोझल उघडतं तेवढाच वेळ पण दाब जास्त म्हणून डिझेल जास्त पडतं. बस एवढंच, बाकी वेबसाइटवर लिहिलेलं 'स्मार्ट चिप' वगैरे सगळ्या बाता.

3 नंबरवर गाडी हलकी वाटली. 5 वर मजा आली, रिकामी गाडी तर पळायलाच लागली. मग अक्कल शेण खायला गेली आणि दीड टन माल भरून 7 वर ठेवून घाटात घातली. दुसऱ्याच वळणाला आरशात मागचा रस्ता दिसेना एवढा काळा धूर, मागचा बाइकवाला पुढे येऊन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडं वर गेलो तर चेक लाइट पेटला आणि गाडी कट झाली, पाय फ्लोअरला टेकला तरी आरपीएम वर जाईना. पेट्या उन्हात, पार्टीचा फोनवर फोन. डबा उपटला, प्लग जसा होता तसा लावला, चावी बंद करून जरा थांबलो, चालू झाली. घाईत प्लगची क्लिप तुटली ती वेगळीच.

मायलेजचं म्हणाल तर जाहिरातीत 15 टक्के वाढ लिहिलीय. मी टाकी फुल टू फुल करून मोजलं, आधी 13 देत होती ती 11.5 वर आली. जास्त डिझेल जाळून ताकद येणार तर मायलेज वाढेल कुठून!

खरी गंमत पुढे आहे. सीझन संपल्यावर आमच्या जुन्या मेस्त्रीमामांकडे सर्व्हिसिंगला नेली, त्यांना धुराचं सांगितलं तर डब्याकडे बघितलं पण नाही, टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात भरतो तो) इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर हात फिरवला आणि बोटं दाखवली, तेलाने काळी. क्लिपच्या खालीच पाइप फाटलेला, आयडलला कळत नाही पण लोडवर फुगला की हवा बाहेर. हवाच अर्धी येतेय आणि मी वरून डिझेल ओततोय, धूर होणार नाही तर काय होणार. नशीब पिस्टनपर्यंत गोष्ट गेली नाही. पाइप, दोन क्लिपा आणि एअर फिल्टर धरून 1400 रुपयात काम झालं आणि आता डब्याशिवाय गाडी त्याच वळणाला तिसऱ्यात चढते.

त्यामुळे पाचपैकी दोन स्टार, ते पण डबा सांगतो ते करतो म्हणून. बीएस 6 वाल्यांनी तर नादालाच लागू नका, सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो, एवढी काजळी गेली तर तो चोक होणार आणि त्याचा खर्च ऐकून गाडी विकावीशी वाटेल. वॉरंटी चालू असेल तर ती पण हातची जाईल.

डबा सध्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहे. मल्टीमीटर घेऊन खेळायला कुणाला पाहिजे असेल तर 500 ला देतो, क्लिप तुटलेली आहे हे आधीच सांगतो.