‘गोळी बंद केली की सगळं पूर्ववत’ या वाक्याला भुलू नका

केसगळतीवरची फिनास्टेराइड ही गोळी विकताना तिच्या दुष्परिणामांबद्दल हे वाक्य हमखास ऐकवतात. बहुतेकांचं होतंही पूर्ववत, म्हणूनच ते खपतं. काहींचं मात्र होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीपत्रकात २०११ साली ‘औषध थांबवल्यावरही टिकणारा लिंगाच्या ताठरतेचा त्रास’ आला, २०१२ साली कामेच्छा आणि वीर्यस्खलनाच्या तक्रारीही आल्या. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. विकणारा यातलं अक्षरही काढत नाही. फसवणूक इथेच आहे.

१ मिलिग्रॅमची गोळी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी (केसगळती घडवणारं हार्मोन) करणारं एन्झाइम अडवते, रक्तातलं डीएचटी सुमारे दोन तृतीयांशाने उतरतं. याच कुळातली एन्झाइमं मेंदूत मन शांत ठेवणारी काही स्टेरॉइडंही बनवतात. म्हणून झोप उडणं, जीव घाबरणं, कशातच रस न वाटणं ही लक्षणं ‘कामाचा ताण’ म्हणून झटकू नका.

सर्वात मोठी थाप डोक्याला लावायच्या फिनास्टेराइड स्प्रेची: ‘टाळूवरच काम करतं, रक्तात जात नाही.’ जातं. मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधात फिनास्टेराइड मिसळलेल्या अशा बाटल्यांबद्दल २०२५ मध्ये अमेरिकेत इशारा निघाला, २०१९ ते २०२४ दरम्यानच्या ३२ तक्रारींवरून. बाटलीवर ‘हेअर सीरम’ लिहिलेलं असलं तरी घटक वाचा. ते छापलेले नसतील तर घेऊच नका. ड्युटास्टेराइड हे त्याच जातीचं औषध दिसलं तर दुप्पट सावध व्हा: फिनास्टेराइड काही दिवसांत शरीरातून जातं, याला महिने लागतात.

चार प्रश्नांचा फॉर्म भरून औषध घरी येत असेल, तर पूर्वीच्या नैराश्याबद्दल कुणी धड विचारलेलं नसतं. ते स्वतःहून डॉक्टरांना सांगा. सुरू करण्याआधी कामेच्छा, ताठरता, झोप, मनःस्थिती तारखेसह लिहून ठेवा, नाहीतर पुढे ‘आधीपासूनच असेल’ असं म्हणून वाटेला लावतात. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्त) तपासणी असेल तर औषध चालू असल्याचं सांगा, आकडा निम्म्याने कमी दिसतो. घरात कुणी गरोदर असेल तर १ मिलिग्रॅमच्या डोससाठी ५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांचे तुकडे करत बसू नका. चुऱ्याचा स्पर्श मुलग्याच्या गर्भाला घातक ठरू शकतो.

लक्षण दिसलं की औषध थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. जीव द्यावासा वाटू लागला तर त्याच दिवशी, घरच्यांना सोबत घेऊन.

त्रास टिकलेल्यांना गाठून ‘हार्मोन रिसेट’चे कोर्स विकणारे वेगळेच असतात. या त्रासावर सिद्ध झालेला इलाज अजून नाही, त्यांच्याकडेही नाही.