लायब्ररीतलं बुधवारचं टेबल: साडेतीन स्टार

आधीच सांगते, हा पुस्तकांचा रिव्ह्यू नाही. पुस्तकं आमच्या तालुक्याच्या लायब्ररीत बरी आहेत, मराठी दिवाळी अंक येतात, पेपर येतात, पंखे चालतात, विषय संपला. मी लिहितेय ते दाराजवळच्या टेबलाबद्दल. दर बुधवारी सकाळी दहा ते एक तिथे सोशल वर्क शिकणारी एक मुलगी बसते. पुठ्ठ्यावर मार्करने ‘मदत हवी? विचारा’ एवढंच लिहिलंय, आणि मला वाटलं आधारकार्डवाले आलेत.

माझी मावशी पासष्टच्या पुढची, एकटी राहते. तिचे दयानंद योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या ज्येष्ठांच्या पेन्शनचे, महिन्याचे दोन हजार अचानक बंद झाले. हयातीचा दाखला तिने वेळेवर दिला होता. बँकेत गेली तर म्हणाले ऑफिसात विचारा, ऑफिसात गेली तर म्हणाले बँकेत विचारा, कदंबा बसच्या तिकिटातच शंभर-दीडशे गेले असतील. शेवटी मी म्हटलं चल लायब्ररीत, निदान फॅनखाली तरी बसू.

मुलगी पंचविशीचीही नसेल. ‘कितें जालें मावशी?’ म्हणून तिने खुर्ची पुढे केली. आता माझी अपेक्षा अशी की ती फॉर्म काढेल, पेन काढेल आणि आमचं काम करून देईल. तर नाही. घरी कोण कोण असतं, बाजार कोण करतं, जेवण एकदा करता की दोनदा, झोप लागते का! मावशी वैतागली, मला हळूच म्हणते, पेन्शनचं विचारायला आले नि ही बाय झोपेचं काय विचारते. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण मग ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत’ असं विचारल्यावर मावशी पटकन बोलून गेली की प्रेशरची गोळी हल्ली ती अर्धी करून घेते, पैसे येईपर्यंत पुरवायला हव्यात ना.

मी तिच्यापासून चार घरं सोडून राहते. मला माहीत नव्हतं. दर रविवारी मी तिच्याकडे जाऊन नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, भावाबद्दल बोलून येते.

तर मुलीने आधी गोळ्यांचं मार्गी लावलं. हेल्थ सेंटरमध्ये प्रेशरच्या गोळ्या फुकट मिळतात, कुठल्या दिवशी जायचं ते लिहून दिलं, आणि अर्धी गोळी बंद, डॉक्टरला हे सांगायचंच, असं दोनदा बजावलं. पेन्शनचं नंतर. कागद तिने टेबलावर ओळीने मांडले आणि घोळ पाच मिनिटांत सापडला. मावशीचा जन्म 1961 च्या आधीचा, म्हणजे दाखला पोर्तुगीज काळातला, त्यात शांता हे नाव ‘एक्स’ने सुरू होतं आणि नाईकच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’. आधारवर ‘एस-एच’ आणि साधं ‘के’. बँकेत तिसरंच काहीतरी. गोव्यात हे घराघरात आहे, माझ्या वडिलांच्या आडनावाची चार स्पेलिंगं आहेत, आम्ही हसतो त्याच्यावर, पण कॉम्प्युटर हसत नाही. तिन्ही नावांची बाई एकच, असं अफिडेविट करायला सांगितलं, कुठल्या कागदाची झेरॉक्स कुठे द्यायची ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आणि मुख्य म्हणजे पुढच्या बुधवारी स्वतःहून फोन करून विचारलं की झालं का. याला त्यांच्यात फॉलो-अप म्हणतात. दीडेक महिन्याने पैसे सुरू झाले.

नंतर मी जरा शोधलं तर कळलं की लायब्ररीत सोशल वर्कर ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या पब्लिक लायब्ररीने 2009 मध्येच पूर्णवेळ सोशल वर्कर नेमली, तिकडे घर नसलेली माणसं दिवसभर लायब्ररीत येऊन बसायची, त्यांना हाकलण्यापेक्षा मदत करू असा विचार. पुढे जी माणसं स्वतः रस्त्यावर राहून सावरली त्यांनाच कामाला घेतलं, कारण त्यांना समोरच्याशी बोलता येतं. आपल्याकडचा प्रश्न वेगळा, आपल्याकडे घर आहे, छप्पर आहे, पण कागदावरचं नाव चुकलंय आणि विचारायला कोण नाही. आणि पंचायतीत जायचं तर पंच ओळखीचा, मामलेदार कचेरीत जायचं तर भीती वाटते. लायब्ररीत कोणी विचारत नाही का आलात म्हणून. पेपर उघडा नि बसा. पणजीला 1832 पासून लायब्ररी आहे, आत्ता पाटो भागात जुने लेखक कृष्णदास शामांच्या नावाने उभी आहे ती, म्हणजे ‘इथे कोणीही येऊन बसावं’ ही सवय गोंयकाराला चांगली जुनी आहे.

आता दीड स्टार का कापले ते.

एक तर जागा. टेबल दारात आहे, शेजारी पेपर वाचणारे पाच-सहा रिटायर्ड काका, आणि त्यांचं पेपरवर लक्ष नसतं हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मावशीच्या गोळ्यांची बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. जिच्या घरी दारू आहे, मारहाण आहे, ती बाई या टेबलावर कशाला बोलेल? मी स्वतः बघितलं, एक बाई तीन बुधवार येऊन मासिक घेऊन बसत होती, टेबलाकडे बघायची आणि एक वाजता उठून जायची. चौथ्या वेळी ती मुलगी उठली, ‘पुस्तक शोधताय का, या दाखवते’ म्हणत तिला मागे कायद्याच्या जुन्या पुस्तकांच्या रॅककडे घेऊन गेली, जिथे धुळीशिवाय कोणी जात नाही, आणि दोघी अर्धा तास तिथे उभ्याने बोलल्या. मुलीच्या डोक्याला पूर्ण मार्क. पण आतली स्टोअर रूम मोडक्या खुर्च्यांनी भरलीय, ती रिकामी करून दिली तर काय बिघडेल?

दुसरं, ही मुलगी कॉलेजच्या फील्डवर्कसाठी येते, सेमिस्टर संपलं की दुसरी येणार. मावशीला परत पहिल्यापासून झोप लागते का ते सांगावं लागणार. ती बाई तर रॅकपर्यंत परत येईल की नाही देव जाणे. कायमचा पगारी माणूस हवा, आठवड्यातून एक दिवस का होईना.

लायब्ररीयन मॅडमवर माझा राग नाही. त्यांना दाखल करून घेणं, देणं-घेणं, मुलांचा दंगा सगळं एकटीने बघायचं, त्यात बुधवार सोडून लोक त्यांनाच येऊन विचारतात. त्यांनी एक चांगलं केलंय, काउंटरच्या काचेला नंबर चिकटवलेत, ज्येष्ठांसाठी 14567, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा 14416, मुलांसाठी 1098. मात्र तो कागद आतल्या बाजूने चिकटवलाय, बाहेरून उलटा दिसतो.

जाणार असाल तर दहालाच जा, अकरानंतर रांग लागते. आधार, बँक पासबुक, जुना जन्मदाखला सगळं ओरिजिनल न्या, आणि झेरॉक्स आधीच काढून ठेवा, समोरचा झेरॉक्सवाला एकला शटर ओढतो तो साडेतीनपर्यंत उठत नाही.