मोरा कंपॅनियन: पहिला आउटडोअर चाकू म्हणून पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

‘सर्व्हायव्हल नाइफ’ असं सर्च केलं की काय काय समोर येतं ते तुम्ही पाहिलं असेलच. काळंकुट्ट पातं, पाठीवर करवतीसारखे दाते, पोकळ मूठ, त्या पोकळीत होकायंत्र, मासे धरायचा गळ आणि चार काड्या. त्यातलं काहीही इथे नाही. मी वापरतेय तो स्वीडनचा मोरा कंपॅनियन, स्टेनलेस पात्याचा, केशरी मुठीचा. दिसायला इतका साधा की सासूबाईंनी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा “हा भाजीचा का गं?” असंच विचारलं. भाजीलाही चालतो, आणि माझ्या मते पहिल्या चाकूची हीच मोठी परीक्षा आहे.

पातं १०४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चार इंचांहून किंचित जास्त. जाडी २.५ मिलिमीटर. म्यानासकट वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. मोरा हे मध्य स्वीडनच्या डालार्ना भागातलं गाव. चाकू बनवण्यासाठी ते फार जुन्या काळापासून ओळखलं जातं आणि आजच्या कंपनीचं मूळ १८९१ साली सुरू झालेल्या तिथल्या एका कारखान्यापर्यंत जातं. तिकडे हे चाकू बांधकामावरच्या माणसांच्या कमरेलाही दिसतात, म्हणजे जंगलात जगण्याची नाटकं करायला तो बनवलेलाच नाही. मला तो अडीच हजारांच्या आत मिळाला. यापेक्षा जास्त पैसे पहिल्या चाकूवर घालू नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण पहिला चाकू दगडावर आपटायचाच असतो आणि धार लावायला शिकताना त्याची थोडी वाट लावायचीच असते.

घडीचा का नाही, असं बरेच जण विचारतात. घडीचा चाकू खिशात छान बसतो. फ्रान्सचा ओपिनेल नंबर ८ मलाही आवडतो. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, लाकडी मूठ, पातं जागेवर अडकवणारी फिरती कडी. पण लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं बाहेर काढायला नखं लावावी लागतात. शिवाय कुठल्याही घडीच्या चाकूच्या सांध्यात चिखल, वाळू, माशाचे खवले, चिकू सगळं जाऊन बसतं. स्थिर पात्याचा चाकू नळाखाली धरला, पुसला, संपलं. सह्याद्रीत चार महिने पाणी वरून पडतं आणि खालूनही उडतं, तिथे मला ही सोय फार मोलाची वाटते.

आता खरं काम काय पडतं ते सांगते. नायलॉनची दोरी कापणं, टारपोलिनच्या कडेचे धागे काढणं, कांदे-बटाटे-काकडी, कैरी, मॅगीची पाकिटं, बांबूच्या काठीला टोक करणं, चुलीसाठी ढलप्या काढणं. कधीतरी बोटात काटा मोडला तर टोकाने काढणं (काढू नका, सुई बाळगा). बस. वाघाशी झुंज वगैरे काही नाही. या यादीतल्या प्रत्येक कामाला पातळ, तीक्ष्ण, चार इंची पातं जाड सात इंचीपेक्षा बरं पडतं. पाच मिलिमीटर जाडीच्या ‘टॅक्टिकल’ चाकूने कांदा कापून बघा, कांदा चिरला जात नाही, फुटतो.

चुलीचं थोडं जास्त सांगते, कारण चाकूची खरी ओळख मला तिथेच झाली. भर पावसात राजमाचीला उधेवाडीत मुक्कामी होतो. पडवीतली लाकडं वरून ओलीच, चूल नुसती धुमसत होती. ओलं लाकूड बहुतेक वेळा बाहेरूनच ओलं असतं, आतला गाभा कोरडा निघतो. मनगटापेक्षा बारीक, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड निवडायचं, उभं धरायचं, पातं टोकावर आडवं टेकवायचं आणि दुसऱ्या लाकडाने पात्याच्या पाठीवर ठोकायचं. पातं आत गेलं की पुढे आलेल्या टोकावर ठोकत राहायचं. चिरफळ्या होतात. मग एका चिरफळीवर पातं जवळजवळ निजवून, मनगट ताठ ठेवून, खांद्यातून ढकलत लांब कुरळ्या सालप्या काढायच्या, पण तोडायच्या नाहीत, टोकाशी थांबायचं. अशा पंधरा-वीस सालप्या एकाच काडीला लटकल्या की ती काडी एका काडेपेटीच्या काडीत पेटते. घरातल्या मावशी शेजारी बसून बघत होत्या. “एवढुसा चाकू, पन चालतुय की,” एवढंच म्हणाल्या आणि तवा चढवला.

या ठोकाठोकीला मर्यादा आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. कंपॅनियनच्या पात्याचं शेपूट, म्हणजे मुठीच्या आत जाणारा पोलादाचा भाग, मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, मधेच थांबतं. त्यामुळे गाठीत अडकलेलं पातं मूठ पिळून काढणं, दरवाजा उचकटणं, दगडात खुपसून जोर लावणं ही कामं त्याची नव्हेत. मनगटाएवढ्या लाकडाला तो पुरतो, मांडीएवढ्या ओंडक्याला नाही. जास्त दणकट हवा असेल तर याच कंपनीचा हेवी ड्युटी ३.२ मिलिमीटर जाडीचा आहे, आणि पूर्ण शेपटाचा गारबर्ग आहे, पण त्याची किंमत बरीच वर जाते. नवख्याला गारबर्ग घेऊ नका असंच मी सांगेन. जाड पातं हातात आलं की माणूस विचार न करता ठोकतो.

दुसरी मर्यादा पाठीची. फायर स्टीलवर (घासल्यावर ठिणग्या टाकणारी धातूची कांडी) ठिणग्या पाडायला पात्याची पाठ काटकोनी, धारदार कडेची लागते. या मॉडेलची पाठ तशी घासलेली नसते. कोणी कानस घेऊन दोन इंचांपुरती पाठ सपाट करतात. मी तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा फायर स्टीलला दोऱ्याने बांधून ठेवलाय, ठिणग्या त्याने झकास पडतात. आणि तसंही पावसाळ्यात माझा भरवसा दोन लायटर आणि सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांवर. रबराची पट्टी ओली असली तरी पेटते, धूर काळा होतो, पण चूल लागते.

मूठ मात्र अगदी मनासारखी. प्लास्टिकवर रबराचं आवरण आहे, हात ओले असोत की तेलकट, घसरत नाही. बोट पात्यावर सरकू नये म्हणून पुढे छोटासा उंचवटा आहे. रंगाबद्दल एक सल्ला: हिरवा किंवा काळा घेऊ नका. कारवीत किंवा उंच गवतात पडलेला हिरवा चाकू शोधायला अख्खा गट ओणवा होतो. केशरी लगेच दिसतो. म्यान प्लास्टिकचं, तळाला पाणी निघून जायला भोक. चामड्याचं म्यान फोटोत देखणं दिसतं, पण आपल्या जुलैत ते ओल धरतं, बुरशी येते आणि आतलं पातं गंजतं. म्यानाची क्लिप साध्या पट्ट्याला बसते. माझ्या सॅकच्या कमरपट्ट्याचा फोम जाड असल्यामुळे मी चाकू सॅकच्या आत, वरच्या कप्प्यातच ठेवते. लोकांच्या अंगणातून जाताना कमरेला चाकू लटकवून फिरणं मला तसंही बरं दिसत नाही.

धार. नवख्याने मोराच घ्यावा असं मी म्हणते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. घरातल्या चाकूला धार लावताना पातं दगडाशी किती तिरकं धरायचं हा अंदाज हाताला यायला वर्ष जातं. मोराच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकेक रुंद, सपाट उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो, सुताराच्या पटाशीला असतो तसा. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप मिळतो. दगड ओला करायचा, उतार पूर्ण टेकवायचा, उताराच्या मध्यावर दोन बोटं ठेवून पुढे ढकलायचं. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ किंचित उचलायची. एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला नखाला धातूची बारीक खरबरीत कड लागते. ती संपूर्ण लांबीभर लागली की बाजू बदलायची, त्याआधी नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे ठेवून, हलक्या हाताने दहा-बारा वेळा ओढायचं. किराणा-भांड्यांच्या दुकानात मिळणारा दुहेरी दगड (एक बाजू खरबरीत, दुसरी बारीक) पुरतो. बाहेर असताना तोही नसेल तर चिनीमातीच्या मगाच्या बुडाची न चकाकणारी खरखरीत कड चालते. चाकाची ‘शार्पनर’ नावाची खेळणी या पात्याला लावू नका, उताराचा कोन बिघडतो.

एक खोट या धारेला आहे. ती इतकी बारीक असते की हाड, नारळाची करवंटी किंवा दगडावर घसरलं तर कडेला बारीक खाचा पडतात. म्हणून शेवटची दोन-तीन ओढणी किंचित कोन वाढवून मारायची. धार थोडी कमी बोचरी, पण जास्त टिकाऊ होते.

स्टेनलेस की कार्बन यावर लोक हमरीतुमरीवर येतात. कार्बन स्टीलला धार पटकन येते हे खरं. पण कैरी, लिंबू, आमसूल यांना तो लगेच काळा पडतो, कापलेल्या फोडीला लोखंडाची चव येते आणि कोकणात एक रात्र ओला राहिला तर सकाळी तांबूस ठिपके. आमचं घर संगमेश्वराकडे आहे, तिथल्या हवेत मीठ नसलं तरी दमटपणा इतका की कपाटातले कपडेही कुबट होतात. स्टेनलेसला मी फक्त धुऊन, पुसून, आठवण झाली की खोबरेल तेलाचं बोट फिरवते. पहिला चाकू स्टेनलेसच. कार्बनची हौस दुसऱ्याला करा.

आणि झाडोरा तोडायचा असेल, शहाळं सोलायचं असेल, वाट मोकळी करायची असेल तर कुठलाही चार इंची चाकू विसरा. त्यासाठी कोयता. आमच्याकडे आबा कमरेच्या आकडीला कोयती अडकवून बागेत जातात आणि जे काम मी मोराने घाम गाळत करते ते दोन घावांत उरकतात. परदेशी व्हिडिओंमधले भले मोठे ‘चॉपर’ पाच-सहा हजारांना विकत घेण्यापेक्षा गावच्या लोहाराकडून घडवून घेतलेली कोयती घ्या.

कायद्याचं न वाचता कोणी पुढे जाऊ नका. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. चार इंची मोरा त्या मापात येत नाही. पण म्हणून तो घेऊन कुठेही फिरता येतं असं नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात चाकू-सुऱ्याही असतात. सण, निवडणुकांच्या काळात शहरातून जाताना हे लक्षात ठेवा. त्याहून महत्त्वाचं, आणि ट्रेकर मंडळींना सहसा माहीत नसलेलं: वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू स्पष्ट लिहिलेला आहे. आपले लाडके किती ट्रेक यात येतात बघा. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, वासोटा कोयना अभयारण्यात, भीमाशंकर तर नावानेच. अशा वाटांवर माझा चाकू घरीच राहतो; भाजी आदल्या दिवशी चिरून डब्यात नेते. विमानात केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्ये टाका.

हाताळणीचं थोडक्यात. मांडीवर ठेवून काहीही कापू नका, मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी आहे. कोपरं गुडघ्यांवर टेकवून पुढच्या बाजूला कापा. पातं चालतंय त्या वाटेत दुसऱ्याचाही हात नको. चाकू देताना मूठ समोरच्याकडे, आणि त्याने “घेतला” म्हटल्यावरच सोडायचा. अंधारात, हेडटॉर्चशिवाय काम करायचं नाही. दमल्यावर तर नाहीच.

विकत घेताना फसवणूक होते, ती या चाकूच्या बाबतीतही होते. आमच्या गटातल्या एकाला ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळालेला ‘ओरिजिनल’ हातात घेतल्यावरच वेगळा वाटला: उताराच्या रेषा दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर, म्यानात खडखडणारा, पात्यावरची अक्षरं नखाने खरवडली की जाणारी. विक्रेत्याने परत घेतला नाही. बिल देणारं, परत घेणारं दुकान बघा आणि मिळाल्याबरोबर पात्याच्या दोन्ही बाजू उजेडात एकमेकींशी ताडून बघा.

बजेट चार हजार असेल तर सगळे चाकूवर घालू नका. अडीचच्या आत हा मोरा, दोनेकशेंचा दगड, आणि उरलेल्यात घडीची छोटी करवत. वाळलेली आडवी पडलेली फांदी करवतीने वीतभर तुकड्यांत कापायची, ते तुकडे चाकूने चिरायचे. करवत आल्यापासून माझ्या चाकूवर ठोकायची वेळ निम्म्याने कमी झाली आहे, आणि हिवाळ्यात लावलेली धार एप्रिलपर्यंत दगडाशिवाय, नुसत्या पट्ट्यावर चालली.