पायपर जे-३ कब (१९४६): सहा वर्षं वापरल्यानंतर

हे विमान उडतं कसं, हे मला सगळे विचारतात. छान उडतं. जमिनीवर कसं वागतं हे मात्र कुणी विचारत नाही, आणि विकत घेणाऱ्याला खरं तर तेच आधी कळायला हवं.

माझं कब, म्हणजे एकामागे एक दोन सीटचं छोटं विमान, १९४६ सालचं आहे. त्याचं तिसरं चाक शेपटाखाली असतं. त्याआधी मी सेसना १७२ वर शिकले. तिथे चाक नाकाखाली, समोरचं सगळं दिसतं, चावी फिरवली की इंजिन चालू. कबला चावी नाही. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, दिवे नाहीत. वायरी म्हणाल तर मॅग्नेटोच्या तेवढ्या, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावरच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या.

इंजिन हाताने सुरू करायचं. मी प्रॉपच्या, म्हणजे नाकावरच्या पंख्याच्या मागे, उजव्या बाजूला उभी राहते. उजवा पाय चाकाच्या पुढे, डावा हात दाराच्या चौकटीला, उजव्या हाताने पातं खाली ओढायचं. पात्याभोवती बोटं वळवायची नाहीत, नुसती टेकवायची. चाकांना ठोकळे लावलेले आणि शेपूट दोरीने बांधलेलं असलंच पाहिजे. मागे उभं राहण्याचा फायदा असा, की इंजिन लागल्यावर थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांडीपर्यंत, हात पोचतो. पातं ओढलं की आतून 'टक' असा आवाज येतो. तो मॅग्नेटोच्या इम्पल्स कपलिंगचा, म्हणजे सुरू करताना मॅग्नेटोला झटका देणाऱ्या स्प्रिंगचा. त्या टकनंतर एक तर इंजिन लागतं, नाही तर तुम्ही पुन्हा ओढता. थंड इंजिन तिसऱ्या-चौथ्या ओढीला लागतं. गरम इंजिन मात्र कधी कधी असं रुसतं की पाहुण्यांसमोर घाम निघतो. माझा नियम एकच आहे: स्विच बंद असला तरी प्रॉप चालूच आहे असं समजून हात लावायचा. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, आणि स्विचची एक तार तुटलेली असली तर 'बंद' हा शब्द नुसता लिहिण्यापुरता उरतो.

एकटीने उडवायचं तर मागच्या सीटवर बसावं लागतं, तोल तसा आहे. समोर रिकामी सीट, त्यापुढे इंजिनाचं वर उचललेलं नाक. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, सरळ समोरचं काहीही दिसत नाही, म्हणून नागमोडी जायचं: डावीकडून बघायचं, वळायचं, उजवीकडून बघायचं. एरोन्का चॅम्प या अशाच दोन सीटच्या जुन्या विमानात पुढे बसून एकट्याने उडवता येतं आणि नाकावरून दिसतंही. नुसत्या सोयीचा हिशेब केला तर चॅम्प घ्यावं, हे मी कबची मालकीण असूनही सांगते. कबचे ब्रेक म्हणजे रडरच्या (शेपटावरच्या सुकाणूच्या) पेडलपाशी टाचेने दाबायच्या दोन छोट्या पट्ट्या. जाड तळाचे बूट घातले तर त्या सापडतच नाहीत. मी पातळ तळाचे जुने कापडी बूट विमानातच ठेवलेत.

पेट्रोलचा काटा ही मला सगळ्यात आवडलेली वस्तू. टाकी पुढच्या माणसाच्या नडग्यांसमोर, १२ गॅलनची, म्हणजे साधारण ४५ लिटर. तिच्या झाकणातून एक तार वर आलेली असते आणि तारेच्या खालच्या टोकाला बूच असतं. पेट्रोल जसं उतरतं तशी तार खाली जाते. काचेतून समोर बघितलं की झालं. हवा खराब असली की ती तार नाचते, आणि घाबरलेला पाहुणा दुसरीकडे कुठे न बघता तिच्याकडेच बघत बसतो. तासाला १५ ते १७ लिटर जातं. मी तारेपेक्षा घड्याळावर विसंबते आणि दोन तासांच्या आत उतरते.

वजनाचं आधीच बघून घ्या. कागदावर कमाल ५५३ किलो आणि रिकामं ३४५ च्या आसपास. माझं विमान तराजूवर ३६१ भरलं. इतक्या वर्षांत रंगाचे थर, ठिगळं, कुणी कुणी बसवलेल्या वस्तू, सगळं साचतं. भरलेली टाकी धरली की दोन माणसांना १६० किलो उरतात. नवरा ९४, मी ६१. उरले पाच किलो, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि एक जाकीट. जुन्या कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, विमान तराजूवर चढवा.

आता हवेतलं. ताशी १२० किलोमीटरने जातं. समोरून वारा असला की खालच्या रस्त्यावरचे ट्रक पुढे निघून जातात. उजवीकडचं दार दोन फाळ्यांचं, वरचा पंखाला अडकतो, खालचा बाहेर लोंबतो, आणि ते उडताना उघडं ठेवता येतं. कोपर बाहेर काढून संध्याकाळच्या शेतांवरून ३०० मीटरवर जाणं, बस, यासाठीच लोक हे विमान घेतात. स्टॉल, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखांची उचल सुटणं, जवळ आला की खालचा फाळा हळूच वर तरंगायला लागतो. दुसरा काही इशारा नाही आणि माझं त्यावाचून अडलंही नाही. ताशी साठेक किलोमीटरला स्टॉल होतो, तोही सौम्य. स्टिक, म्हणजे विमान चालवायची दांडी, पुढे दिली की विमान लगेच उडायला लागतं. दमट दिवशी मात्र कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, बाहेर उकडत असलं तरीही. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात, एकदम नाही. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ, ओढली की इंजिन आधी आणखी खडखडतं आणि मग पाणी गिळून सुधारतं. पहिल्यांदा झालं तेव्हा त्या खडखडाटाला घाबरून मी हीट परत बंद केली होती. करू नका.

उतरणं हा वेगळा विषय. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे शेपटाला सतत पुढे यायचं असतं. तिसऱ्या वर्षी डावीकडून वारा होता, तिन्ही चाकं सुंदर टेकली, आणि हँगरपाशी उभ्या नवऱ्याला मी मान वळवून बघितलं. तेवढं पुरलं. नाक वाऱ्याकडे वळलं, उजवा रडर द्यायला उशीर झाला, विमान गर्रकन डावीकडे फिरलं आणि उजव्या पंखाचं टोक गवतावर घासलं. वेग चालण्याइतकाच असेल. टोकाची लाकडी कमान तडकली, हातभर कापड फाटलं. चूक संपूर्ण माझी. विमान थांबून इंजिन बंद होईपर्यंत पाय पेडलवर जागे हवेत, हे शिक्षकाने शंभर वेळा सांगितलं होतं.

त्या निमित्ताने दुरुस्ती जवळून बघितली. पॉलिएस्टरचं कापड चिकटवलं, मग साधी घरगुती इस्त्री, पण थर्मामीटर लावून तापमान ठरवलेली, तिच्यावरून फिरवली. सैल कापड डोळ्यांदेखत ताणलं गेलं आणि बोटाने टिचकी मारल्यावर ढोलकीसारखं वाजलं. त्यानंतर डोपचे, म्हणजे कापडावर चढवायच्या लुकणाचे थर. तो वास कपड्यांतून आठवडाभर जात नाही.

सुटे भाग मिळतात, ही कबची मोठी जमेची बाजू. १९३८ साली ४० अश्वशक्तीच्या इंजिनाने सुरुवात झाली, १९४० पासून कॉन्टिनेंटल ए-६५ आलं, आणि १९४७ पर्यंत सुमारे वीस हजार विमानं झाली, बहुतेक पेनसिल्वेनियातल्या लॉक हेवनला. इतक्या संख्येमुळे नवे भाग अजूनही बनतात. ए-६५ कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे. आजच्या १००एलएल या शिसेवाल्या विमानाच्या पेट्रोलवर खालचे प्लग लवकर काळवंडतात, ते काढून साफ करायची सवय लावून घ्या. लँडिंग गिअरच्या (चाकांच्या सांगाड्याच्या) रबरी बंजी, म्हणजे धक्के शोषणारे दोर, सैल पडल्या की विमान एका बाजूला कललेलं दिसतं. तो खर्च किरकोळ.

किरकोळ नसलेला खर्च पंखांच्या स्ट्रटचा, म्हणजे पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यांचा. पोकळ नळ्यांत पाणी शिरतं, खालच्या टोकाशी साचतं आणि आतून गंज खातो. बाहेरचा पिवळा रंग तुकतुकीत असतो. म्हणून या स्ट्रटची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची आहे. माझ्या मेकॅनिकने तपासणीचा टोकदार दांडा दाबला आणि डाव्या स्ट्रटला खड्डा पडला. मी आदल्या रविवारी त्याच स्ट्रटवर उडाले होते. आता चारही स्ट्रट सीलबंद प्रकारचे बसवलेत.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या ब्रेकच्या पट्ट्यांनी खाल्ला.

बघायला गेलात तर आधी स्ट्रटच्या तपासणीचे कागद मागा. मग मालकाला इंजिन स्वतःच्या हाताने सुरू करून दाखवायला सांगा, थंड असताना. तुम्ही पोचायच्या आधीच ते गरम करून ठेवलेलं असेल, तर गवतावर बसा आणि थंड होईपर्यंत वाट बघा.